वडाचा चीक

चळवळीतल्या दिवसांबद्दल लिहा, असा संपादकांचा फोन आला, तेव्हा मला आधी आठवलं ते बाकडं. मोर्चा नाही, माईक नाही, शाल-श्रीफळ तर नाहीच. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी काम करणारी बाई दिवसभर करते काय, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एवढंच, की ती बसून राहते. चौकीच्या बाकड्यावर, दवाखान्याच्या बाकड्यावर, कचेरीच्या व्हरांड्यात. आपल्यातल्या कुणाला तरी आत घेतलेलं असतं, आणि बाहेर कुणीतरी बसलंय एवढं आतल्यांना कळलं की हात जरा आवरते राहतात. निम्मं काम तेवढ्यानं होतं. उरलेलं निम्मं पिशवीत असतं: कोरे कागद, पासपोर्ट फोटो, भाजके शेंगदाणे आणि सेफ्टी पिना. पिना कशाला, तर झटापटीत पहिल्यांदा पदर सुटतो, आणि सुटल्या पदरानं हक्काचं बोलता येत नाही.

दोन हजार सालाच्या आसपास एका आरोग्य संस्थेनं मला कामाला घेतलं. कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीतल्या एका लॉजच्या मागं आमची खोली होती. तिथं माणसं यायची ती आधी बोर्ड वाचत नसल्यासारखी दोनदा पुढं जायची आणि मग आत शिरायची. एकदा एक पैलवान आला. कान मोडलेले, खांदे दारात मावेनात.

"काय पावणं, काय काम काढलं?"

"काम न्हाई. विचारायचं व्हतं."

"विचारा की."

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरात दिवाळीची तारीख बघितली. मग म्हणाला, "माझा धाकटा भाऊ तुमच्यातला हाय. पुण्याला असतो. दिवाळीला येणार हाय. भाऊबीजेला त्येला साडी घ्यायचीया. सहावारी घ्यावी का नऊवारी?"

मी विचारलं, "उंची?"

"माझ्याएवढी. जराशी वरच."

"मग नऊवारीच घ्या. सहावारीत घोटे दिसतील."

"आन् ब्लाऊज?"

"नुसता खण घ्या. मापाच्या भानगडीत पडू नका."

त्यानं मान हलवली, उठला, दारातून परत आला. "आईला कळाय नगं."

"तुमची आई मला कुठं भेटायला?"

"तसं न्हवं ओ. तिनं एक साडी आधीच आणून ट्रंकेत ठेवलीया. तिला वाटतंय, मला ठावं न्हाई."

अशा गोष्टी मी भाषणांतून पुष्कळ सांगितल्या. लोक हसतात, डोळे पुसतात, टाळ्या वाजवतात. एक गोष्ट मात्र मी गाळत आले. माझ्या नावावरचा सगळ्यात गाजलेला लेख जिच्या जिवावर लिहिला, त्या गौरव्वाची.

गौरव्वा माझी गुरू. रंकाळ्याच्या अंगाला तिच्या दोन खोल्या होत्या. नव्वद-एक्क्याण्णवपासून मी तिथंच राहिले. पहाटे ती नऊवारी नेसून, कपाळभर भंडारा लावून गंगावेशीतल्या कट्ट्यावर जायची. तिथं म्हशी दारात उभ्या करून धारोष्ण दूध देतात. तालमीतले गडी रांगेत उभे असत, आणि गौरव्वा आली की पेला तिच्या पुढं यायचा. "आई, घ्या." ती एका दमात पेला रिकामा करायची, मिशी पुसल्यासारखं ओठावरून बोट फिरवायची आणि सगळ्यात आडदांड गड्याला म्हणायची, "काय रं, काल आडवा पडलास म्हणं?" सगळा कट्टा हसायचा. वर्षानुवर्षं कानाशी चौंडकं, देवीच्या गाण्यातलं ते तारेचं वाद्य, वाजवून तिला डाव्या कानानं ऐकू यायचं नाही. त्यामुळं ती सगळ्यांशीच ओरडून बोलायची. गुपितसुद्धा.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. कोल्हापूरपासून खाली कर्नाटकापर्यंत यल्लम्मा देवीला वाहिलेल्या माणसाला जोगता म्हणतात. आमच्यासारखे, म्हणजे पुरुषाच्या देहात जन्मलेले पण मनानं बाई असलेले, पूर्वीपासून याच वाटेनं आले. जोगत्यानं साडी नेसली तर लोक हसत नाहीत, पाया पडतात. मंगळवारी-शुक्रवारी तो डोक्यावर जग घेऊन दारोदार जोगवा मागतो. जग म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेला देवीचा पितळी मुखवटा, त्याला हिरवं लुगडं आणि मोरपिसं. ती टोपली हात न लावता डोक्यावर तोलून नाचायचं. पण आपल्या मनानं कुणाला जोगता होता येत नाही. देवीनं बोलावल्याची खूण लागते. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे केसांत आपोआप धरलेली जट.

आपोआप, असं लोक समजतात.

माझं घर कागलचं, किराणा दुकानाचं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. घरचं नाव इथं लिहीत नाही, ते त्या घरापाशीच राहू दे. वडील मला मारत नसत. ते माझ्याकडं बघतच नसत. गिऱ्हाइकाला साखर बांधून देताना माझ्या आरपार बघून बोलायचे. मी कॉलेज सोडून घरी बसले होते, तेव्हा आठवडी बाजारात गौरव्वानं मला हेरलं.

"केस वाढीव," ती म्हणाली.

"वडील घराबाहेर काढतील."

"वाढीव म्हटलं न्हवं? फुडचं मी बघते."

पुढं कितीतरी बाजारांना, देवळामागं, तिनं माझ्या मानेवरच्या केसांना वडाचा चीक लावला. वर हळद, वर तेल. बोटांनी पीळ देत बसायची आणि भलत्याच गप्पा मारायची, कुठल्या गावची भाकरी मऊ, कुठल्या गावची कुत्री वाईट. जट धरली. मग एका शुक्रवारी ती जग घेऊन आमच्या दुकानासमोर उभी राहिली आणि अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असं ओरडली, "ह्या घरात आई आलीया!" वडील फळीवरून उतरले. माझी जट त्यांनी हातात धरून बघितली, आणि मग माझं तोंड बघितलं. पुष्कळ वर्षांनी. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला वाटतं त्यात सुटकाही होती. मूल वाया गेलं नव्हतं, देवीनं नेलं होतं.

असं गौरव्वानं किती जणांना बाहेर काढलं, ती कधी बोलली नाही.

चंद्रा त्यातली शेवटची. हुपरीच्या चांदीवाल्यांचं घर, सगळे मिळून घरातच पैंजणं करायचे. थोरला मुलगा म्हणून विशीत लग्न ठरवलं आणि चंद्रानं विष घेतलं. वाचली. त्यावर बापानं पट्ट्यानं मारलं. हे कानावर आल्यावर गौरव्वा हुपरीच्या फेऱ्या मारायला लागली. वर्ष उलटायच्या आत जट धरली, आणि ज्या हातानं पट्टा चालवला होता त्याच हातानं बापानं चंद्राचे पाय धुतले. स्वतः घडवलेली पैंजणं त्या पायांत घातली. मी तिथं होते. चंद्रा आमच्याकडं राहायला आली आणि घर भरलं. तिच्यासारखा जग कुणी तोलला नाही. टोपली डोक्यावर ठेवून ती बसायची, उठायची, वाकून दातांनी रुमाल उचलायची, आणि मोरपीस हलायचं नाही. गौरव्वा मला हिणवायची, "बघ शैले. तुझ्या डोस्क्यावर देवीला गाडीत बसल्यावानी वाटतंय. हिच्या डोस्क्यावर झोप लागती."

आपल्यामागं हा जग चंद्राकडं जाणार, हे तिनं बोलून ठेवलं होतं.

या काळात मी शिबिरांना जात होते. पुणे, मुंबई, बंगळूर. तिथं मला शब्द मिळाले. ओळख, हक्क, स्वाभिमान. त्या शब्दांनी मी उभी राहिले, हे खोटं नाही. त्यांच्यामुळंच मी लिहायला लागले. वर्तमानपत्रात चार लेख आले, लोक ओळखायला लागले. मग मी एका कार्यक्रमात माझी जट कापून टाकली. म्हटलं, मी अशी आहे ती जन्मानं आहे, कुणी अंगात आलं म्हणून नाही. गौरव्वा त्यावर एवढंच म्हणाली, "डोकं हलकं झालं आसंल. उवा कमी व्हतील."

त्या वर्षी इथल्याच एका दिवाळी अंकानं लेख मागितला. संपादक म्हणाले, आतलं लिहा, खरं लिहा. मी लिहिलं. आम्हाला देवी बोलावत नाही. जट धरत नाही, धरवली जाते. वडाच्या चिकानं, हळदीनं, तेलानं. का, तर तुम्ही आम्हाला माणूस म्हणून घेत नाही, देवीचं म्हणून घेता. नाव कुणाचंच लिहिलं नव्हतं. 'रंकाळ्याकाठची माझी गुरू' असं लिहिलं होतं, आणि चांदीच्या गावातल्या एका घराबद्दल एक परिच्छेद. पट्टा, पाय धुणं, पैंजणं, सगळं. तो परिच्छेद फार चांगला उतरला होता. लेख गाजला. हॉलमध्ये सत्कार झाला. मी खुर्चीत बसले होते, पहिल्या रांगेतले प्राध्यापक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

गौरव्वाला वाचता येत नव्हतं. मी तिला अंक दिला, माझा फोटो दाखवला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला, आणि देव्हाऱ्यात जगाशेजारी उभा करून त्याला भंडारा लावला. गल्लीतल्या बायकांना बोलावून दाखवायची, "माझ्या लेकीचं छापून आलंय." वाचून दाखव, असं तिनं दोन-तीनदा म्हटलंही. मी म्हणायचे, दाखवते, उद्या. घाई होती, बैठका होत्या. पण ते खरं कारण नव्हतं. ती काय म्हणेल हे मला माहीत होतं, म्हणून मी वाचून दाखवलं नाही. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

दिवाळी सरून थोडे दिवस झाले होते. शुक्रवारची सकाळ. चंद्रा जगाला फुलं बांधत होती, गौरव्वा चौंडक्याची तार ताणत होती. चंद्राचे वडील आले. मी उठून पाणी द्यायला गेले. त्यांनी तांब्या घेतला नाही. पिशवीतून अंक काढला, घडी घातलेलं पान उघडलं.

"ह्ये कुणी लिवलंय?"

मी म्हटलं, "मी."

"चांदीचं गाव म्हंजी कंचं गाव?"

गौरव्वानं विचारलं, "काय म्हणालंय त्ये? मोठ्यानं बोला की."

मग ते मोठ्यानं वाचायला लागले. शिकलेला माणूस नव्हता, अक्षराला अक्षर लावत वाचत होता. वडाचा चीक. हळद. बोटांनी दिलेला पीळ. 'आणि ज्या बापानं मारलं तो बाप त्या चिकाच्या पाया पडला.' हे माझं वाक्य होतं. टाळ्या याच वाक्याला आल्या होत्या.

वाचून झाल्यावर त्यांनी अंक मिटला. "मी पाय धुतलं ओ हिचं," ते गौरव्वाला म्हणाले. "साऱ्या गावादेखत. पाणी पिलो त्ये." त्यांना राग असता तर बरं झालं असतं. त्यांच्या आवाजात नुसती लाज होती. मग चंद्राकडं वळले. "चल."

चंद्रा माझ्याकडं बघत होती. मी हक्काचं बोलायला लागले. ती सज्ञान आहे, तिच्या मर्जीविरुद्ध नेता येणार नाही, मी वकिलाला बोलावते. त्या माणसानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमीच लिवलंय न्हवं, देवी न्हाई म्हणून? मग ह्यो माझा ल्योक हाय." पुढं गल्ली गोळा होईल, गौरव्वाला लोक काय बोलतील, ते चंद्रानं माझ्याआधी ओळखलं. फुलांची दोरी खाली ठेवली आणि उठली.

नंतर मी हुपरीला गेले, वकिलाला घेऊन. चंद्रा दारात आली. केस कापलेले, अंगात शर्ट. "मी माझ्या मर्जीनं आलोय," एवढंच बोलणं झालं. आईनं आतून चहा पाठवला. उन्हाळ्यात लग्न झालं.

मला काही भोगावं लागलं नाही. माझे वडील तोवर वारले होते, खरं ऐकून मान खाली घालायला ते राहिले नव्हते. मी दुसऱ्याच्या बापाला ते ऐकवलं.

चंद्रा गेली त्या दुपारी गौरव्वानं देव्हाऱ्यातला अंक काढला. पदराच्या टोकानं त्याच्यावरचा भंडारा पुसला आणि माझ्या हातात दिला.

"ह्ये समदं तू लिवलंस?"

"व्हय."

"मला वाचून दावलं न्हाईस."

एवढंच. काही घरांनी तिला जोगवा घालणं थांबवलं, काहींनी नाही. गंगावेशीत दूध मिळत राहिलं. पण ती बाजारांना जाईनाशी झाली. आमच्यासारखी पोरं हेरणं थांबलं. मी तिला एकदा विचारलं होतं, ते आधीच्या चांगल्या दिवसांत, की अव्वा, तू स्वतः चीक लावतेस आणि वर आई आली म्हणून ओरडतेस, तुला खोटं वाटत नाही? ती खूप हसली होती. "देवी काय सोता वडावर चढून चीक काढणार व्हय? तिला हात लागत्यात की गं. माझं घेतलं तिनं." हे मी लेखात घातलं नव्हतं. तेव्हा ते मला अडाणी वाटलं होतं.

काही वर्षांनी ती आजारी पडली. दवाखान्यात नोंद करणाऱ्या बाईंनी कागदावरून मान वर करून विचारलं, कुठल्या वॉर्डात घालू, बायकांच्या की पुरुषांच्या? मी भांडायच्या तयारीत पुढं झाले. गौरव्वा स्ट्रेचरवरून ओरडली, "जिकडं गप्पा आसतील तिकडं टाक बाई!" बायकांच्या वॉर्डात टाकलं. शेवटचे दिवस ती शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीशी भाकरीबद्दल वाद घालत होती. मी बाहेर बाकड्यावर.

जग माझ्याकडं आला, पण मी जट कापलेली. तो डोक्यावर घ्यायचा हक्क मी सोडून दिला होता. लक्ष्मीपुरीतल्या खोलीत कपाटावर ठेवला. रोज फूल वाहायचे, एवढंच.

एका दुपारी दारात बारीक मिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस उभा राहिला. बोर्डापुढून दोनदा जाऊन आला असावा. मी म्हटलं, "या पावणं."

"पावणा काय म्हणतीस शैलाक्का," तो म्हणाला.

गौरव्वा गेल्याचं त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. चहा झाला. धंदा ठीक, आई थकली, वडील गेले, एक मुलगी आहे. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तो कपाटाकडं बघत होता.

"उचलू?"

त्यानं दाराला कडी घातली. खिशातून पैंजणं काढून पायांत घातली, रुमालाची चुंबळ केली. जग डोक्यावर घेतला आणि दोन्ही हात सोडले. बसला, उठला, वाकला. मोरपीस हललं नाही. नंतर टोपली जागेवर ठेवली, कंगव्यानं भांग पाडला आणि हुपरीची गाडी पकडायला गेला. पैंजणं टोपलीत राहिली.

तेव्हापासून तो येतो, सवडीनं, शुक्रवारी. मध्यंतरी बायकोला घेऊन आला. तिनं जगाच्या पाया पडून माझ्याकडं वळून म्हटलं, "आमचं लगीन तुमच्या लेखामुळं झालं म्हणत्यात." हसून म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. तिच्याबद्दल मी कधी एक ओळ लिहिली नव्हती, विचारही केला नव्हता.

हा लेख छापायला देण्याआधी मी दोघांना बोलावून वाचून दाखवला. मी आता कुणाचंही काही लिहिलं तर आधी त्याला वाचून दाखवते. माझ्या धंद्यातलं एवढंच शहाणपण मी इथं सांगू शकते, आणि ते मला फुकट मिळालेलं नाही. चंद्रानं नावं बदलून घेतली, स्वतःचं नवं नाव स्वतः निवडलं. खरं गाव हुपरी नाही, तिच्या शेजारचं; पण चांदीचं काम लिहायचं तर दुसरं कुठलं लिहिणार, म्हणून हुपरीच राहू दे म्हणाला. चिकाचं? "ऱ्हाऊ दे. आता कोन चीक लावतंय? आता पोरी मोबाईलवर एकमेकीला हुडकत्यात." बायकोनं तिच्याबद्दलच्या ओळी दोनदा वाचायला लावल्या आणि म्हणाली, असू देत.

मी कागद आवरायला लागले. चंद्रा म्हणाला, "झालं व्हय?"

"झालं की."

"आन् तिला?" त्यानं कपाटावरच्या गौरव्वाच्या जगाकडं मान केली.

मी उठले. चष्मा पुसला. जगासमोर उभी राहून पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, बाकड्यापासून. हळू, स्वतःशीच वाचल्यासारखं.

"मोठ्यानं वाच," मागून चंद्रा म्हणाला. "तिला कमी ऐकू यायचं."